भंगारातून चामडेकामाची हत्यारं : वस्तूचा आकार नको, तिचं आधीचं काम बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चामड्याचं काम शिकायला लागून सहा महिने झाले, विकतची हत्यारं परवडत नाहीत आणि घरात मोडक्या वस्तूंचा एक डबा आहे. त्यात हॅक्सॉची (लोखंड कापायच्या करवतीची) तुटकी पाती, एक झिजलेली कानस, जुने स्क्रूड्रायव्हर, सायकलचे स्पोक, मोडकी छत्री, रेडिओची अँटेना आणि बंद पडलेलं गजराचं घड्याळ. हॅक्सॉच्या पात्याची रापी (चामडं कापायची-छिलायची सुरी) केली, ती दहा मिनिटांत बोथट होते. पडद्याच्या बारीक पोकळ दांडीचा तुकडा घासून पंच केला, तो भोक पाडायच्या ऐवजी चामडं नुसतं चेपतो. काय चुकलं, आणि या डब्यातून खरोखर काय होऊ शकतं?

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. पातं चपटं दिसलं म्हणून त्याची रापी केली आणि नळी गोल दिसली म्हणून तिचा पंच. आकार आपण घासून कसाही देऊ शकतो, पोलाद मात्र घासून बदलत नाही. म्हणून डब्यातली वस्तू हातात घेतली की पहिला प्रश्न विचारायचा: ही आयुष्यभर काय करत होती? लोखंड कापत होती का, वाकून परत सरळ होत होती का, पिळ सहन करत होती का, की फक्त पडदा पेलत होती? पडदा पेलणाऱ्या नळीला कुणी चांगलं पोलाद घालत नाही. ते मऊ लोखंड, त्यात शिवणीवर जोडलेला पत्रा. त्याला धार येते, पण पहिल्याच ठोक्याला ती वळते.

हॅक्सॉच्या पात्याची गोष्ट जरा फसवी आहे. हाताच्या करवतीची आजची बहुतेक पाती दोन धातूंची असतात. दातांची बारीक पट्टी कडक हायस्पीड पोलादाची आणि मागची सगळी पाठ लवचीक, मऊसर पोलादाची. तुम्ही दात घासून काढलेत आणि पाठीला धार लावलीत, म्हणजे नेमका कामाचा भाग धूळ करून टाकला आणि उरलेल्याची रापी केली. पातं हातात वाकवून बघा. वाकून परत सरळ होत असेल तर ते बहुधा दोन धातूंचं. पूर्ण कडक पातं वाकत नाही, काडकन मोडतं. (हा प्रयोग चष्मा लावून आणि पातं जाड फडक्यात गुंडाळूनच करायचा. तुकडे उडतात.)

पोलाद ओळखायला दोन साध्या कसोट्या पुरतात. पहिली कानशीची. नवी, धारदार कानस वस्तूच्या कडेवर हलकेच ओढायची. ती काचेवरून घसरावी तशी सरकली तर वस्तू कडक आहे, चावली तर मऊ. दुसरी ठिणगीची. ग्राइंडरवर क्षणभर टेकवायचं. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात, टोकाला फार फाटे नसतात. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या वाटेतच फुलबाजीसारख्या फुटतात. हायस्पीड पोलादाच्या ठिणग्या गडद लालसर, तुरळक आणि फारशा न फुटणाऱ्या. सुरुवातीला एका बाजूला खिळा आणि दुसऱ्या बाजूला जुनी कानस घेऊन दोन्हींच्या ठिणग्या आलटून पालटून बघा. पाच मिनिटांत डोळा तयार होतो, मग वर्णन आठवायची गरज पडत नाही.

आता रापी. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण बाकी सगळी हत्यारं नसली तरी काम निघतं, रापी वाईट असेल तर काहीच निघत नाही.

सगळ्यात चांगला माल म्हणजे मशीनवर चालणाऱ्या पॉवर हॅक्सॉचं टाकून दिलेलं पातं. हे हाताच्या पात्याहून कितीतरी रुंद आणि दीड-दोन मिलिमीटर जाड असतं, आणि अनेकदा पूर्णपणे हायस्पीड पोलादाचं असतं. अनेकदा म्हणतोय, नेहमी नाही. दातांखाली पात्याच्या लांबीभर एक पुसट जोडरेघ दिसली तर तेही दोन धातूंचं समजा. हायस्पीड पोलादाचा मोठा गुण असा की ते तापलं तरी कडकपणा सोडत नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट या दोघांनी हे पोलाद लोकांसमोर आणलं, तेव्हा लेथवर टोक लालभडक झालेलं हत्यार तसंच कापत राहिलेलं बघून लोक थक्क झाले होते. आपल्याला त्याचा फायदा एवढाच की ग्राइंडरवर घासताना पातं निळं पडलं तरी धारेचं पाणी उतरत नाही. साधारण ५५० अंश सेल्सिअसपर्यंत ते टिकून राहतं. फक्त एक करू नका: फार तापलेलं पातं एकदम पाण्यात बुडवू नका. बारीक तडे जातात आणि ते धार लावून झाल्यावर दिसतात.

असं पातं करवतीनं कापता येत नाही, उघडच आहे, ते स्वतःच करवत आहे. कटिंग डिस्कनं दोन्ही बाजूंनी खाच पाडायची आणि व्हाइसमध्ये धरून मोडायचं. लांबी १५ ते १८ सेंटिमीटर पुरे. दातांची कड पूर्ण घासून गोल करा. नुसती टेप गुंडाळून मोकळं व्हायचा मोह होतो, पण दात टेपमधून तळहाताला शोधून काढतात.

धार एकाच बाजूनं द्यायची. एक बाजू आरशासारखी सपाट, दुसरीकडून उतार. कोन पंधरा अंशांच्या आसपास ठेवा. कोन मोजायचं साधन नसेल तर उताराची लांबी मोजा: पातं दोन मिलिमीटर जाड असेल तर उतार सात-साडेसात मिलिमीटर लांब आला की कोन बरोबर पडला. तुमच्या रापीचा फोटो पाहिला नाही, पण पहिल्या रापीत सगळे जण उतार तीन-चार मिलिमीटरचा ठेवतात. तो कोन लाकूडकामाच्या पटाशीचा झाला. चामड्यात ती रापी पाचरीसारखी शिरते, कापत नाही. कड थोडी गोलसर ठेवलीत तर चामडं छिलताना कोपरे रुतत नाहीत. तिरपी कडही चालते, पण मग डावखुऱ्या माणसाला ती रापी उधार देता येत नाही.

ग्राइंडरनं आकार आला की पुढचं सगळं काम काचेवर. खिडकीच्या जाड काचेचा तुकडा घ्या (कडा घासून घ्या आधी), त्यावर पाण्यानं भिजवून पॉलिश पेपर पसरा. २२० नंबर, मग ४००, ८००, १५००, २०००. प्रत्येक नंबरावर तोवर घासायचं, जोवर धारेच्या पलीकडच्या बाजूला नखाला लागेल अशी बारीक कड वळत नाही. ती लागली की पुढचा नंबर. सपाट बाजू मात्र फक्त सपाटच घासायची, जराही उचलायची नाही. शेवटी लाकडाच्या पट्टीवर चामड्याचा तुकडा चिकटवून त्यावर धातू घोटायचं हिरवं पॉलिश चोळायचं आणि रापी मागे ओढत घोटायची, पुढे ढकलायची नाही. दोन्ही बाजू पंचवीस-तीस वेळा. पुढे काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पाच-सहा वेळा घोटलंत, तर परत दगडाला जायची वेळ आठवडे येत नाही. ‘माझी रापी टिकत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांची रापी ठीक असते, घोटायची पट्टी हाताशी नसते.

पॉवर हॅक्सॉचं पातं मिळालं नाही तर तुमच्याकडची झिजलेली कानस. कानशीत कार्बन एक टक्का किंवा त्याहून थोडा जास्त असतो, म्हणजे धारेसाठी उत्तमच. पण कानस कारखान्यातून निघते ती इतकी कडक की काचेसारखी ठिसूळ असते. तशीच घासून रापी केलीत तर कडेचे टवके उडतील. तिचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. घरातल्या ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशांवर एक तास, थंड होऊ द्या, परत एक तास. आधी कानशीचा एक भाग घासून चकचकीत केला असेल तर त्यावर फिकट गवती पिवळा रंग आलेला दिसेल. तो रंग म्हणजे हवं ते तापमान. तपकिरी साधारण २५० ला, जांभळा २८० ला, निळा ३०० ला येतो. धारेला पिवळा, मार खाणाऱ्या भागाला जांभळा-निळा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

इथून पुढे उलटा नियम लागू होतो. कानशीचं पोलाद हायस्पीड नाही. ग्राइंडरवर कडेला क्षणभर निळी झाक आली की तेवढ्या भागाचं पाणी उतरलंच. म्हणून हातमोजे न घालता, उघड्या बोटांनी धरून घासायचं. बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात बुडवायचं. धार जितकी बारीक होत जाते तितकी ती लवकर तापते, म्हणून शेवटचा मिलिमीटरभर भाग ग्राइंडरवर न घेता हातानंच काढा. आणि कानशीचे दात दोन्ही बाजूंनी पूर्ण जाईपर्यंत घासा. प्रत्येक दात म्हणजे मोडायची एक तयार खाच असते. मी एकदा ‘दिसायला छान आहे’ म्हणून पाठीवरची नक्षी तशीच ठेवली होती. जाड पट्टा कापताना रापी दातांच्या रेघेवर सरळ दुभंगली. हात वाचला, तो दैवानं.

कधी कधी कानस आतून मऊ आणि फक्त वरून कडक केलेली निघते. कडेला थोडी घासून आतल्या भागावर दुसरी कानस ओढून बघा. चावली तर तिचा नाद सोडा.

आता आरी, म्हणजे शिवणाची भोकं पाडायचा टोचा. तुम्ही विचारलेलं नाही, पण डब्यात स्पोक आहेत म्हणजे तो विचार तुमच्या डोक्यात येणारच. स्पोकची आरी मीही केली होती. स्पोक दोन मिलिमीटरचा, सरळ, टोक काढायला सोपा. पण त्याचं काम ताण पेलायचं, टोचायचं नाही. तो चिवट आहे, कडक नाही. जाड चामड्यात तिसऱ्या-चौथ्या टाक्याला तो वाकला आणि पुढची सगळी भोकं तिरपी गेली. स्पोक चामड्यावर रेघ मारायच्या टोच्यासाठी झकास. शिवणाच्या आरीसाठी नाही.

शिवणाची आरी करायची तर छोटी, बारीक सुई-कानस घ्या, चौकोनी किंवा त्रिकोणी, झिजलेली चालेल. तिला मुठीत बसवायचं शेपूट आयतंच मिळतं. आधी वर सांगितल्याप्रमाणे ओव्हनमध्ये कडकपणा उतरवा, आरीसाठी २३०-२४० अंशांपर्यंत गेलात तरी हरकत नाही, कारण इथे धारेपेक्षा न मोडणं महत्त्वाचं. मग घासून तिचा आडवा छेद पतंगासारखा चपटा चौकोन करा: रुंदीला दोन ते अडीच मिलिमीटर, जाडीला त्याच्या अर्ध्याहून थोडी जास्त. टोकाकडून मुठीकडे ती अगदी हळूहळू रुंद व्हायला हवी. एकदम रुंद झाली तर वरच्या थरात भोक मोठं आणि खालच्या थरात बारीक पडतं.

पण आरीचं खरं काम आकारात नाही, घोटण्यात आहे. चारही बाजू २००० नंबरपर्यंत नेऊन पॉलिशवर इतक्या घोटा की त्यात खिडकीचं प्रतिबिंब दिसावं. खरखरीत आरी कितीही टोकदार असली तरी चामडं तिला धरून ठेवतं, मग तुम्ही जोर लावता, मग ती वाकडी जाते किंवा बोटात शिरते. चांगल्या आरीची परीक्षा अशी: चार मिलिमीटर जाड चामड्यात ती मनगटाच्या हलक्या दाबानं जायला हवी, खांद्याचा जोर लागता कामा नये. अधूनमधून टोक मेणाच्या गोळीत खुपसत राहा.

मूठ पेरूच्या आकाराची, तळहातात मावेल अशी. जुन्या कपाटाच्या लाकडी मुठीही चालतात. मुठीला एका बाजूनं सपाटी काढा आणि आरीच्या चौकोनाचा लांब कर्ण त्या सपाटीला समांतर बसवा. दोन फायदे. आरी टेबलावरून घरंगळत नाही, आणि न बघता अंगठ्याला कळतं की चौकोन कोणत्या दिशेला आहे. प्रत्येक भोक एकाच कलानं पडलं तरच टाके तिरपे आणि एकसारखे बसतात. हाताचे टाके सुबक दिसण्याचं मोठं कारण दोरा नव्हे, हा कल आहे.

पंचाकडे येतो. तुमची नळी चेपत होती त्याला मऊ लोखंडाखेरीज आणखी एक कारण असणार: धारेचा उतार आतून काढला असेल, किंवा आतून-बाहेरून दोन्हीकडून. पंचाचा उतार नेहमी बाहेरून. आतली भिंत सरळ राहिली पाहिजे, म्हणजे भोक नेमक्या मापाचं पडतं आणि कापलेली चकती वर सरकून निघून जाते. आतून उतार असेल तर चकती पाचरीसारखी अडकते, पाचव्या भोकाला पंच भरतो आणि मग तो पंच राहत नाही, नुसता ठोकळा होतो.

बारा मिलिमीटरचा, डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला बोल्ट शोधा. तो आकडा बोल्टची ताकद सांगतो: पहिला ८ म्हणजे तुटेपर्यंतची ताकद ८०० मेगापास्कल, आणि त्याच्या ०.८ पट, म्हणजे ६४० ला तो कायमचा ताणला जायला लागतो. आपल्याला एवढंच कळायला हवं की हे साधं लोखंड नाही, तरीही ड्रिल त्यात जातं. अर्ध्या भागालाच आटे असलेला बोल्ट घ्या, आट्यांचा भाग कापून टाका. डोकंही कापा, ते ड्रिल मशीनच्या चकमध्ये मावत नाही. उरलेल्या टोकात हवं त्या मापाचं भोक पाडायचं. ते मध्यभागी पडणं हीच मोठी अडचण असते. त्यावर जुनी युक्ती: उभ्या ड्रिल मशीनच्या चकमध्ये ड्रिल न धरता बोल्टच धरायचा, आणि ड्रिलचं पातं खाली व्हाइसमध्ये उभं आवळायचं. फिरतो बोल्ट, स्थिर राहतं ड्रिल, आणि भोक आपोआप मध्यावर येतं. दोन-अडीच सेंटिमीटर खोल गेलं की पुरे. मग बाजूनं, तोंडापासून दहा-बारा मिलिमीटर वर, गोल कानशीनं भोकापर्यंत पोचणारी खिडकी काढायची, चकत्या तिथून बाहेर पडतात. शेवटी बोल्ट परत चकमध्ये धरून फिरवायचा आणि कानस टेकवून बाहेरचा उतार काढायचा. आतली कड पॉलिश पेपरची सुरळी करून गुळगुळीत करा.

याला परत तापवून कडक करायच्या भानगडीत पडू नका. धार काही शे भोकांनी मंदावते, तेव्हा परत फिरवून चार वेळा कानस लावली की झालं. पंचाखाली दगड किंवा लोखंड कधीच नको. लाकडाचा आडवा कापलेला ठोकळा, ज्यावर झाडाची वर्तुळं दिसतात ती बाजू वर करून, किंवा जाड प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा.

रेडिओची अँटेना टाकू नका. तिच्या एकात एक बसणाऱ्या नळ्या म्हणजे वेगवेगळ्या मापांच्या बारीक पंचांचा आयता संच. बहुतेक पितळेच्या असतात, वर चकचकीत मुलामा. पितळ मऊ, म्हणून ठोकायचं नाही. बाहेरून उतार काढून, लाकडी मुठीत बसवून, दाबत गोल फिरवायचं. पातळ चामड्याला दोन-तीन मिलिमीटरची भोकं इतकी स्वच्छ पडतात की विकतचा फिरत्या चकतीचा पंच लाजेल.

छत्रीच्या काड्या तपासून बघा. सळईसारख्या गोल असतील तर उपयोग नाही. पन्हाळीसारख्या खोलगट असतील तर ते स्प्रिंगचं पोलाद असू शकतं. सॅम्युअल फॉक्स या इंग्रज कारखानदारानं १८५२ मध्ये ही पन्हाळीची काडी आणली, ती वजन कमी करून वाऱ्याला टिकावी म्हणून. आपल्याला ती वेगळ्याच कारणानं प्यारी: टोकाला बाहेरून उतार दिला की बारीक खोलगट पटाशी तयार. शिवणाची खाच काढायला, म्हणजे दोरा चामड्याच्या पृष्ठभागाखाली बसावा म्हणून जी चर मारतात, तिला हे छान चालतं. पट्टीला लावून ओढायचं, हाताच्या अंदाजानं नाही.

स्क्रूड्रायव्हरपैकी चपट्या तोंडाचा, चार-पाच मिलिमीटरचा एक निवडा. कडा गोल करायचं हत्यार त्याच्यापासून होतं. टोकाच्या मध्यावर बारीक गोल कानशीनं मिलिमीटरभर रुंद खाच पाडा, म्हणजे दोन बोटं तयार होतात. खाचेचा तळ हीच धार, तिला वरच्या बाजूनं उतार द्या. दोन्ही बोटांची खालची बाजू मात्र गुळगुळीत, टोकं बोथट, कारण ती चामड्यावरून घसरत जायची आहेत. खाचेत पॉलिश पेपर शिरत नाही. जाड दोऱ्याला पॉलिश चोळून तो खाचेतून मागे-पुढे ओढायचा. पहिला असा प्रयत्न फसतो. दुसरा स्क्रूड्रायव्हर हाताशी ठेवा.

गजराच्या घड्याळातून चक्र काढायचं टाक्यांच्या खुणा करायला. इथे थोडं गणित आहे. दोन खुणांतलं अंतर म्हणजे परीघ भागिले दात. समजा चक्र ३० मिलिमीटर व्यासाचं आणि ६० दातांचं आहे. परीघ ९४, भागिले ६०, म्हणजे दीड मिलिमीटरच्या जरा वर. हे अंतर टाक्यासाठी फारच बारीक. पण एकाआड एक दात घासून टाकलात तर अंतर तीन मिलिमीटरच्या थोडं वर जातं, आणि ते पाकिटासारख्या कामाला अगदी योग्य. पट्ट्याला पाच-सहा लागतं, तर मोठं चक्र बघा. दातांची संख्या विषम असेल तर एकाआड एकचा हिशेब शेवटी जुळत नाही, एका जागी दोन दात शेजारी राहतात. मोजून मगच कानस लावा. घड्याळाचे दात टोकाला गोलसर असतात, त्रिकोणी सुई-कानशीनं त्यांना टोक काढा. टूथब्रशच्या दांड्याला फट पाडून त्यात चक्र बसवा, आसाला तोडलेला खिळा. आणि हे चक्र फक्त खूण करतं. भोक आरीच पाडते.

नक्षीच्या ठशांसाठी बहुतेक लोक मोठे खिळे आणि बोल्ट घेतात, त्यांच्या डोक्यावर कानशीनं जाळी, पान, ठिपके काढतात. होतं छान. पण एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती सांगतो. ठसा उमटतो तो झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्यावर, तेही ओलसर करून. क्रोमनं कमावलेलं मऊ चामडं ठसा धरतच नाही. सालीच्या चामड्यात टॅनिन असतं, आणि ओलं टॅनिन नि उघडं लोखंड एकत्र आले की काळा डाग पडतो. जुन्या काळी शाई याच रसायनातून बनवत. मी एका रुंद पट्ट्यावर संध्याकाळभर खिळ्यांचे ठसे मारले, सकाळी प्रत्येक पानाभोवती काळपट कडं. लिंबाच्या रसानं डाग बराच फिका झाला, पूर्ण नाही. शेवटी सगळा पट्टा काळा रंगवला आणि तसाच विचार होता असं सांगितलं. तेव्हापासून ठशांना पितळ किंवा स्टेनलेस. जुन्या नळाच्या तोटीतला पितळी दांडा सोन्यासारखा आहे. लोखंडच वापरायचं असेल तर तोंड आरशासारखं घोटून त्यावर पारदर्शक लॅकरचा हात द्या, आणि काम झाल्यावर ओल्या चामड्यावर हत्यार ठेवून उठू नका. हा नियम रापीलाही लागू.

ठोकायला लोखंडी हातोडी नको. ती पंचाचं डोकं फुलवते आणि उलटी उसळते. ट्रॉलीची पॉलियुरेथेनची दोन-तीन चाकं एका लांब बोल्टवर ओवून नटनं आवळा, खाली मूठ. चारशे-पाचशे ग्रॅमची मोगरी तयार होते, आवाजही कमी करते. नक्षीसाठी खाली ग्रॅनाइटचा तीन सेंटिमीटर जाडीचा उरलेला तुकडा, त्याखाली रबर.

शिवताना काम धरायला दोन फळ्या, खाली जुनी बिजागरी, मध्ये सायकलच्या सीटचा खटक्याचा आवळा. जबड्यांना आतून चामडं चिकटवा. यात सांगण्यासारखं फार काही नाही, कसंही केलं तरी चालतं.

कडा घोटायला कठीण लाकडाचा तुकडा घ्या, मोडक्या खुर्चीचा पाय उत्तम, त्यात वेगवेगळ्या रुंदीच्या खाचा. काचेनं घोटूनही तेच होतं: जाड बाटलीचा गुळगुळीत बूड चामड्याच्या मागच्या, खरखरीत बाजूला फिरवायला फार सुरेख. क्रोमच्या चामड्याची कड मात्र घोटून चमकत नाही, तिला रंगच द्यावा लागतो. हत्याराला दोष देऊ नका.

काय करू नये हेही सांगतो. चार-सहा दातांचा, तीन मिलिमीटर अंतराचा टोचणी पंच घरी करू नका. जेवायच्या काट्याचा करतात, पण तो मऊ स्टेनलेस, खुणेपलीकडे जात नाही. कानशीतून कोरायला गेलात तर दात एकमेकांना समांतर राहत नाहीत, आणि एक दात वाकडा असला तर सगळी शिवण वाकडी. चक्र आणि आरीनं तेच काम हळू पण बिनचूक होतं. घाई असेल तर हे एक हत्यार विकत घ्या. दोराही चांगला घ्या.

भंगाराबद्दल एक कडक सूचना. मुलामा दिलेली कुठलीही वस्तू तापवू नका. जस्ताचा मुलामा तापला की त्याचा धूर छातीत जाऊन थंडी-तापासारखी स्थिती होते. जुन्या सोनेरी झाक असलेल्या बोल्टवर कॅडमियम असू शकतं, ते त्याहून कितीतरी वाईट, ते घासूही नका. गाडीचा शॉक अॅब्सॉर्बर किंवा डिकी उचलून धरणारी गॅसची दांडी कापू नका, आत दाब असतो. आणि दोन कडक पोलादं एकमेकांवर ठोकू नका, कानशीवर हातोडी तर कधीच नाही.

सुरुवात कानशीच्या रापीपासून करा, मग आरी, मग बोल्टचा पंच. बाकी हळूहळू. तुमच्या फसलेल्या दोन वस्तूही टाकू नका. हॅक्सॉच्या मऊ पाठीची ती रापी लवचीक आहे. धार घासून बोथट केलीत तर चिकटवायचं सोल्युशन पातळ पसरायला तिच्यासारखी पट्टी नाही. आणि पडद्याच्या दांडीतून बारा मिलिमीटर लांबीचं कडं कापून काढा. आरी मुठीत ठोकून बसवताना मुठीचं लाकूड चिरू नये म्हणून तोंडाशी चढवायला ते अगदी मापाचं बसेल.